हरलेल्या डावाचं बिल

क्योतोतल्या निन्टेन्डो कंपनीला १८८९पासून आजवर पगारी अध्यक्ष सहा मिळाले. बिनपगारी अध्यक्षांची मोजदाद अजून कुणी केलेली नाही. सिमेंटच्या कारखान्याच्या प्रमुखानं कोणती भट्टी बसवली यावर रात्री दोन वाजेपर्यंत कुणी भांडत नाही. पण खेळायचं यंत्र करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानं त्यात कोणती चिप घातली, पडदा किती इंचांचा ठेवला आणि नाव काय दिलं, यावर ज्यांनी आयुष्यात घरचा फ्यूज बदललेला नाही तेही अधिकारवाणीनं बोलतात. या बिनपगारी मंडळाच्या बैठकीत वारंवार निघणारा विषय म्हणजे सातोरू इवाता. ते २००२ ते २०१५ निन्टेन्डोचे अध्यक्ष होते आणि अध्यक्षपदावर असतानाच वयाच्या ५५व्या वर्षी गेले. त्यांच्या कारकिर्दीवरचा वाद मात्र ठणठणीत आहे. एक बाजू म्हणते, दहा कोटींच्या वर खपलेलं ‘वी’ ज्यानं काढलं तो द्रष्टा. दुसरी म्हणते, १ कोटी ३६ लाखांच्या आत आटपलेलं ‘वी यू’ ज्यानं काढलं त्याला धंद्यातलं काही कळत नव्हतं. दोन्ही बाजूंचे आकडे बरोबर आहेत. अडचण एवढीच, की दोन्ही यंत्रं एकाच माणसानं, एकाच विचारानं काढलेली आहेत. मग द्रष्टेपणा २००६ साली आला कुठून आणि २०१२ साली गेला कुठे, हे सांगण्याची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणूनच बहुधा दोन्ही बाजूंनी वाद चालू ठेवला असावा. माझं म्हणणं असं, की हार्डवेअरच्या धंद्यातल्या प्रमुखाला नुसत्या खपावरून जोखलं की गफलत होते. त्यानं डाव केवढ्याचा लावला आणि हरल्यावर बिल कुणापुढे सरकवलं, हे आधी पाहावं. या हिशेबात इवाता भक्तांना वाटतात तेवढे दैवी निघत नाहीत आणि टीकाकारांना वाटतात तेवढे अडाणीही नाहीत.

डाव लावणं निन्टेन्डोला कुणी शिकवायला नको. फुसाजिरो यामाउचींनी ही कंपनी काढली ती हानाफुदा नावाचे, फुलापानांची चित्रं असलेले पत्ते करण्यासाठी. आणि त्या काळच्या जपानमध्ये हे पत्ते जुगाराच्या अड्ड्यांवर भरपूर झिजत असत. पत्ते झिजले की नवे लागतात, हा या कंपनीचा पहिला व्यावसायिक सिद्धान्त. फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ साली विशीतच अध्यक्ष झाले आणि पुढची ५३ वर्षं खुर्चीवरून हलले नाहीत. पत्त्यांना मर्यादा आहेत हे कळल्यावर त्यांनी टॅक्सी चालवून पाहिल्या आणि झटपट शिजणारा भातही विकून पाहिला. जपान्यांना भात विकायला जाऊन अपयशी ठरणं ही सोपी कामगिरी नव्हे. मग खेळणी आली आणि १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडायचं फॅमिकॉम आलं. मजा अशी, की यामाउची स्वतः व्हिडिओ गेम खेळत नसत. त्यांचा जीव गो या पटावरच्या खेळात. तरी कोणता खेळ बाजारात जाईल आणि कोणता नाही, याचा निकाल तेच देत. महाराष्ट्रातल्या नव्वदीतल्या घरांत जो मारिओ उड्या मारत होता, त्याच्याखालचा ‘टीव्ही गेम’ बहुतेक वेळा निन्टेन्डोचा नसून याच फॅमिकॉमची नक्कल असे. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि आतले वेगळे खेळ मोजायला दोन हातांची बोटं पुरत. त्यातला एक येनही क्योतोला पोचला नाही. तेव्हा आपल्या पिढीचं मारिओवरचं प्रेम निन्टेन्डोच्या ताळेबंदात शोधायला जाऊ नये.

अशा या यामाउचींनी २००२ साली गादी घराबाहेरच्या माणसाला दिली. इवाता मूळचे प्रोग्रामर. ते काम करत होते ती एचएएल लॅबोरेटरी ही कंपनी सुमारे दीडशे कोटी येनच्या कर्जात बुडाली, तेव्हा तिला हात द्यायचा तर अध्यक्ष इवाता हवेत, अशी अट यामाउचींनी घातली होती. तेहतिसाव्या वर्षी बुडत्या कंपनीची खुर्ची मिळणं हा सन्मान की शिक्षा, हे ठरवणं कठीण. इवातांनी काही वर्षांत कर्ज फेडलं, आणि फेडताना प्रत्येक कर्मचाऱ्याशी समोर बसून वर्षातून दोनदा बोलायची पद्धत पाडली. एचएएल सोडून निन्टेन्डोत अधिकारी झाल्यावरही त्यांचा कोड लिहिण्याचा हात थांबला नव्हता. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ वेळेत संपेना, तेव्हा त्यातल्या चुका शोधायला हे स्वतः जाऊन बसले. ही गोष्ट भक्त फार आवडीनं सांगतात. खरं तर हा पुरावा इथे कामाचा नाही. अध्यक्षाला कोड येतो याचा अर्थ त्याला कोणतं यंत्र काढावं हेही कळतं, असा होत नाही. स्वयंपाक येणाऱ्यानं खाणावळ बुडवल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्यामुळे इवातांचा मनमिळाऊपणा, त्यांचं वाकून नमस्कार करणं आणि केळ्यांच्या घडाकडे टक लावून पाहतानाचा त्यांचा तो प्रसिद्ध फोटो, हे सगळं बाजूला ठेवून यंत्रांकडे वळू.

इवातांना वारशात मिळालेलं गेमक्यूब हे यंत्र २ कोटी १७ लाखांवर थांबलं. त्याच काळात सोनीचं प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेलं. अशा वेळी सामान्य अध्यक्ष काय करतो, तर शेजाऱ्यापेक्षा जोरकस यंत्र करायला घेतो. इवातांनी शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाचा नाद सोडला आणि जे अजिबात खेळत नाहीत त्यांच्याकडे पाहिलं. आई, आजोबा, दमून घरी आलेला कारकून. ही कल्पना त्यांची असली तरी तिची मुळं जुनी होती. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांचं सूत्र असं, की तंत्रज्ञान जुनं होऊन, पिकून, स्वस्त झालं की ते घ्यावं आणि कुणी कल्पना केली नसेल अशा कामाला लावावं. १९८९ साली प्रतिस्पर्धी रंगीत पडद्यामागे लागले असताना योकोईंनी हिरवट-करड्या, दिव्याविना पडद्याचा गेम बॉय आणला. उन्हात नेला की दिसे, अंधारात काही दिसत नसे. पण चार पेन्सिल सेलवर तासन् तास चाले, आणि रंगीत भावंडासकट ११ कोटी ८६ लाख खपला. याच योकोईंनी १९९५ साली व्हर्च्युअल बॉय आणला, जो लाल रंगाखेरीज काही दाखवत नसे आणि मान वाकवून खेळावा लागे. तो आठ लाखांचा आकडाही गाठू शकला नाही. म्हणजे सूत्र होतं, सूत्रकारही तोच होता, आणि तरी एक पान हुकमाचं निघालं तर दुसरं फुकट गेलं. बिनपगारी मंडळानं ही जोडी आधी नीट पाहिली असती, तर वी आणि वी यूवरचं अर्धं भांडण वाचलं असतं.

इवातांची पहिली मोठी खेळी म्हणजे २००४ सालचं डीएस. दोन पडद्यांचं यंत्र, त्यातल्या एकावर लेखणी टेकवायची. सोनीचं पीएसपी त्याच महिन्यांत आलं. सुंदर, चकचकीत, चित्रपट दाखवणारं. तज्ज्ञांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली आणि डीएसचं श्राद्ध उरकून टाकलं. मग कुत्र्याचं पिल्लू पाळायचा खेळ आला, तोहोकु विद्यापीठाच्या र्‍युता कावाशिमांच्या नावाचा मेंदूच्या व्यायामाचा खेळ आला, आणि ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता असे जपानी आजोबा रोज सकाळी बेरजा-वजाबाक्या करून आपल्या मेंदूचं वय तपासू लागले. डीएस १५ कोटी ४० लाख खपलं. पीएसपीचा आकडा आठ कोटींच्या आसपास, म्हणजे तोही काही वाईट नव्हता. आता भक्तांना न आवडणारी गोष्ट. दोन पडद्यांचा आग्रह मुळात यामाउचींचा होता, हे इवातांनीच सांगितलेलं आहे. निवृत्त म्हाताऱ्यानं जाता जाता दिलेला हट्ट गळ्यात पडला, आणि नव्या अध्यक्षानं त्यातून काय काय करता येईल ते काढून दाखवलं. तेव्हा इवातांच्या सर्वांत मोठ्या यशातसुद्धा यामाउचींची पाती आहे. पुढे स्विच या नंतरच्या यंत्राचं श्रेय वाटायला बसू, तेव्हा ही नोंद हाताशी ठेवलेली बरी.

मग २००६ साली वी आलं. तीन डीव्हीडींचे डबे एकावर एक ठेवावेत एवढी त्याची जाडी. ताकद बेताची. आणि हातात धरायला टीव्हीच्या रिमोटसारखं काहीतरी, ज्यात मोटारीच्या एअरबॅगला वापरतात त्या जातीचा गतिमापक. पिकलेलं, स्वस्त तंत्रज्ञान घेऊन नव्या कामाला लावण्याचा योकोईंचा धडा इतक्या तंतोतंत कुणी गिरवला नसेल. किंमत २५० डॉलर, अमेरिकेत त्यातच ‘वी स्पोर्ट्स’ फुकट. त्याच हंगामात सोनीनं प्लेस्टेशन ३ आणलं, ५०० आणि ६०० डॉलरला. ते घेण्यासाठी लोक जास्त तास काम करतील असा विश्वास सोनीच्या केन कुतारागींनी आधीच व्यक्त करून ठेवला होता. लोकांनी जास्त तास काम करण्याऐवजी वीच्या दुकानापुढे रांगा लावल्या. टेनिसची सर्व्हिस टाकताना रिमोट हातातून सुटून टीव्हीत घुसू लागला, तेव्हा निन्टेन्डोनं सुमारे ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून दिल्या. खेळणारे इतके रंगतात की घरचा टीव्ही फोडतात, याहून चांगली जाहिरात कोणत्या कंपनीला पैसे टाकून मिळाली असती? मार्च २००९ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोचा परिचालन नफा ५५,५३० कोटी येन होता. जे तज्ज्ञ डीएसच्या श्राद्धाला जेवून गेले होते, तेच आता इवातांच्या दूरदृष्टीवर व्याख्यानं देऊ लागले.

इथपर्यंतचा भाग सोपा होता. पुढे २०११ साली थ्रीडीएस आलं, चष्म्याशिवाय खोलीचा आभास दाखवणारं. जपानात किंमत २५,००० येन. सहा महिन्यांच्या आत ती १५,००० करावी लागली. आधी घेणाऱ्यांचा संताप शमवायला कंपनीनं त्यांना ‘राजदूत’ ही पदवी आणि वीस जुने खेळ फुकट दिले. दहा हजार येन जास्त मोजणाऱ्याला राजदूत म्हणणं हे मुत्सद्देगिरीचं काम होतं, यात शंका नाही. पुढे २०१३ साली कंपनीनं याच यंत्रातून तो खोलीचा आभास काढून टाकला आणि त्याला टूडीएस नाव देऊन स्वस्तात विकायला ठेवलं. ज्या गुणासाठी यंत्र घ्या असं सांगितलं, तोच गुण वजा करून ते पुन्हा विकण्याचा हा प्रकार बाजारशास्त्राच्या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणाचा धनी आहे. थ्रीडीएस अखेर साडेसात कोटींच्या वर खपून सावरलं. वी यू सावरलं नाही. त्यामागची कल्पना वाईट नव्हती: घरातल्यांना टीव्हीवर काही पाहायचं असेल, तर खेळणाऱ्यानं हातातल्या ६.२ इंची पडद्यावर खेळ चालू ठेवावा. फक्त २०१२ साली घराघरात प्रत्येकाच्या हातात दुसरा पडदा आलेलाच होता, आणि त्याला पलीकडच्या खोलीत नेलं तरी संपर्क तुटत नव्हता. नावामुळे अनेकांना हे जुन्या वीचंच काहीतरी जोडसामान वाटलं. बाहेरच्या कंपन्यांनी पहिल्या वर्षानंतर हात आखडता घेतला. जानेवारी २०१४मध्ये इवातांनी त्या वर्षाचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला.

बिनपगारी मंडळातला टीकाकार इथे टेबलावर हात आपटतो, आणि त्याला हक्क आहे. पण त्यानं आपटलेला हात थोडा वेळ तिथेच ठेवून हिशेब ऐकावा. मार्च २०१२, २०१३ आणि २०१४ला संपलेल्या तीन वर्षांत निन्टेन्डोचा परिचालन तोटा अनुक्रमे सुमारे ३,७३०, ३,६४० आणि ४,६४० कोटी येन होता. तिन्हींची बेरीज बारा हजार कोटींच्या आसपास. एकट्या २००९ सालच्या नफ्याच्या पावपटही नाही. याच अध्यक्षानं, याच ‘न खेळणाऱ्यांसाठी वेगळं काहीतरी’ या हट्टानं जिंकताना जे मिळवलं, त्यातलं एक वर्ष बाजूला काढलं तर तीन हरलेली वर्षं चारदा फिटतात. हे आपोआप घडलं नाही. डीएस आणि वी ही यंत्रं करायला स्वस्त होती. वीवर पहिल्या दिवसापासून नफा होता. सोनी पहिली काही वर्षं प्लेस्टेशन ३ पदरचे पैसे घालून विकत होती. पैसा साठवून ठेवायची यामाउचींच्या काळची सवय इवातांनी मोडली नव्हती. म्हणजे दर पाच-सहा वर्षांनी सगळं पणाला लावल्यासारखं दिसत असलं, तरी पटावर ठेवलेली रक्कम हरली तर परवडेल एवढीच असे. इवातांचं धोरण मोजायचं तर हे मोजा. आणि वी यू इथेच उघडं पडतं. पडद्याच्या पॅडपायी ते महाग झालं, ३०० आणि ३५० डॉलरला ठेवूनही सुरुवातीला तोट्यात विकावं लागलं. कल्पना तीच होती, पण पान विकत घ्यायला जास्त मोजले होते. टीकाकारांनी नावावर आणि पडद्यावर घालवलेला वेळ या एका मुद्द्यावर घालवला असता, तर इवातांना खरोखर उत्तर देणं जड गेलं असतं.

आता आक्षेप. पहिला असा, की हे सगळं नशीब होतं. वी म्हणजे एक लाट होती, ती ओसरली. लाट होती हे कबूल. पण डीएस आणि वी अशा दोन लाटा लागोपाठ एकाच किनाऱ्यावर येतात, तेव्हा किनारा निवडणाऱ्याला थोडं श्रेय द्यायला हरकत नसावी. दुसरा आक्षेप त्या काळी जास्त जोरात होता. स्मार्टफोन आल्यावर स्वतःचं यंत्र काढायचंच कशाला? सेगानं २००१ साली ड्रीमकास्टनंतर यंत्रं सोडली, तसं निन्टेन्डोनंही करावं, मारिओ फोनवर आणावा आणि सुखानं पैसे मोजावेत, असा सल्ला शेअर बाजारातले विश्लेषक वर्षानुवर्षं देत होते. इवाता ऐकत नव्हते. त्यांचं कारण कंपनीच्या इतिहासात सापडतं: मारिओ ६४ आणि त्याची फिरती काडी, पिल्लाचा खेळ आणि लेखणी, टेनिस आणि रिमोट, या जोड्या एकाच छपराखाली, एकमेकांकडे बघत घडल्या. बटण एकानं आणि खेळ दुसऱ्यानं करायचा असता तर यातलं काहीच सुचलं नसतं. अखेर मार्च २०१५मध्ये इवातांनी डीएनए कंपनीशी करार करून फोनवर यायचं कबूल केलं, आणि आपण यंत्रं सोडली असं कुणी समजू नये म्हणून त्याच बैठकीत एनएक्स या नव्या यंत्राचं नावही जाहीर केलं. सल्लागारांच्या ज्ञानाची परीक्षा पुढच्या वर्षी झाली. जुलै २०१६मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला, आणि निन्टेन्डोचा शेअर काही दिवसांत दुपटीवर गेला. मग कंपनीनं नम्रपणे कळवलं, की हा खेळ आम्ही काढलेला नाही, पोकेमॉन कंपनीत आमचा वाटा ३२ टक्के आहे आणि आमच्या नफ्यावर याचा फारसा परिणाम होणार नाही. पुढच्या सोमवारी शेअर १८ टक्क्यांच्या आसपास आपटला. निन्टेन्डोनं फोनवर काय करावं हे वर्षानुवर्षं सांगणाऱ्या बाजाराला, निन्टेन्डोच्या मालकीचं नेमकं काय आहे हे पाहायला सवड मिळाली नव्हती.

तिसरा आक्षेप पगारकपातीचा. २०११ साली थ्रीडीएसची किंमत पाडल्यावर इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. २०१४ साली वी यूचा अंदाज कोसळल्यावर पुन्हा निम्मा केला, पाच महिन्यांसाठी. मारिओ घडवणाऱ्या मियामोतोंसारख्या संचालकांनीही कपात घेतली. टीकाकार म्हणतात, हे नाटक. हजारो कोटी येनचा तोटा एका माणसाच्या अर्ध्या पगारानं भरून निघत नाही. गणित बरोबर आहे. असल्या कपातीनं कंपनीच्या दिव्यांचं बिलसुद्धा फार तर काही आठवडे भागेल. पण बिल सरकवण्याचा क्रम पाहा. प्रमुखाचा डाव हरला की बिल कर्मचाऱ्यांपुढे सरकतं, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय, की आता ते निसर्गनियम वाटावं. उद्याच्या तिमाहीचे आकडे सुधारायला माणसं काढली तर उरलेल्यांचं मन कामात राहणार नाही, आणि भ्यालेली माणसं जगाला हसवणारा खेळ करू शकणार नाहीत, अशा अर्थाचं इवाता भागधारकांच्या सभेत २०१३ साली बोलले. सभेत उदार बोलणं कठीण नसतं. तोट्याच्या तिसऱ्या वर्षीही क्योतोत मोठी कपात झाली नाही, हे जास्त महत्त्वाचं. इथे भक्तांना आणखी एक कटू नोंद. २०१४ साली युरोपच्या शाखेनं जर्मनीतलं जुनं कार्यालय हलवलं, तेव्हा तिथल्या शंभरावर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. निन्टेन्डोत कुणालाच कधी काढलं गेलं नाही, हे वाक्य म्हणून संतचरित्रात शोभतं, हिशेबाच्या वहीत नाही. तरी ज्या धंद्यात एक खेळ पडला की अख्खा स्टुडिओ बंद होतो, त्या धंद्यात इवातांचं खातं पुष्कळ स्वच्छ म्हणावं लागेल.

मग स्विच, म्हणजे तेच एनएक्स. मार्च २०१७मध्ये, तात्सुमी किमिशिमा अध्यक्ष असताना ते आलं आणि आजवर १५ कोटींच्या वर गेलंय. भक्त म्हणतात, एनएक्सची घोषणा इवातांची, सबब स्विच त्यांचं. याहून पुढे जाऊन काही जण म्हणतात, वी यू ही स्विचची रंगीत तालीम होती. इथे मी टीकाकारांच्या बाकावर जाऊन बसतो. तालमीला तिकीट लावत नाहीत, आणि ३५० डॉलर तर मुळीच नाही. नंतरच्या यशाचा उजेड मागच्या अपयशावर टाकून ते मुद्दाम केलेलं होतं असं सांगायचं म्हटलं, तर जगात अपयशी कुणीच उरणार नाही. वी यूचं अपयश पूर्णपणे इवातांच्या नावावर राहिलं पाहिजे. स्विचमध्ये मात्र त्यांची पाती आहे, जशी डीएसमध्ये यामाउचींची होती. पुरावा ‘मारिओ कार्ट ८’चा. वी यूवर हा खेळ ८५ लाखांच्या आत राहिला. थोडी भर घालून तोच स्विचवर आणला, तर सहा कोटींच्या वर गेला. रस्ते तेच, गाड्या जवळपास त्याच, खाली यंत्र वेगळं. खेळ करणाऱ्यांची घडी तोट्याच्या वर्षांत विस्कटली असती, तर स्विचला दाखवायला पहिल्या वर्षी काय उरलं असतं? आणि स्विचचं यंत्र पाहा: एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही चिप त्यात आली तेव्हा तिला बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. विकताना पहिल्या दिवसापासून तोटा नाही. हातात धरायचा पडदा वी यूमधून आला आणि हिशेब मात्र पुन्हा योकोईंच्या वहीतला. हा सुधारलेला हिशेब इवातांनी स्वतः किती घातला आणि त्यांच्यामागच्यांनी किती, याची टक्केवारी काढणाऱ्यांना मी शुभेच्छा देतो.

काही गोष्टींना माझ्याकडे बचाव नाही. बोटाला लावून नाडी मोजणारा व्हायटॅलिटी सेन्सर २००९ साली मंचावर दाखवला आणि तो दुकानात कधी आलाच नाही. काही जणांवर तो नीट चालत नाही, असं कारण चार वर्षांनी सांगण्यात आलं. मित्राशी ऑनलाइन खेळायचं तर डीएसवर बारा आणि वीवर सोळा आकडी संकेतांक एकमेकांना कळवायचा, ही योजना ज्या बैठकीत मंजूर झाली तिथे एकाही माणसाला मित्र नसावा. थ्रीडीएसवर प्रदेशाचं कुलूप होतं. टोकियोतल्या नोकरीत यंत्र घेऊन पुढे अमेरिकेत बदली झालेल्या कुणा पुणेकर अभियंत्याला तिथल्या दुकानातला खेळ त्यावर चालवता येत नसे, आणि पुणेकराला पैसे देऊन घेतलेल्या वस्तूनं नकार देणं म्हणजे काय, हे क्योतोत कुणाला ठाऊक नव्हतं. इंटरनेटच्या बाबतीत इवातांची निन्टेन्डो प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी मागे होती, आणि त्याला योकोईंचं सूत्र लावून ‘पिकू द्यावं’ असं म्हणणं ही पळवाट आहे.

तेव्हा माझा निकाल असा. वी पूर्ण इवातांच्या खात्यात, वी यूही पूर्ण त्यांच्याच, डीएसमध्ये यामाउचींशी भागीदारी, स्विचमध्ये पाठच्यांशी, इंटरनेटमध्ये नापास. यंत्राचा प्रमुख म्हणून उत्तीर्ण, कारण त्यांच्या हरलेल्या डावानं कंपनी विकायची पाळी आणली नाही आणि बिलाचा पहिला कागद त्यांनी स्वतःपुढे ओढला. मार्च २०१५ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डो सुमारे २,४८० कोटी येनच्या परिचालन नफ्यात परतली होती. तो हिशेब मे महिन्यात जाहीर झाला. ११ जुलैला इवाता गेले.